सगळ्या मशीनना एकच आयपी: स्पर्धेच्या आदल्या रात्रीचा अनुभव

सांगलीत कॉलेजच्या प्रोग्रॅमिंग स्पर्धेसाठी उबुंटू सर्व्हर २२.०४ (लिनक्सची एक आवृत्ती) वर स्वतःची प्रत तयार केली. जीसीसी (सी/सी++ चा कंपायलर), जावा, पायथन आत. इंटरनेट बंद, फक्त जज सर्व्हर (उत्तरं तपासणारा) उघडा. क्लोनझिलाने (डिस्कची हुबेहूब नक्कल करणारं साधन) ती लॅबभर उतरवली.

मशीन सुरू केल्या, तर सगळ्यांना एकच आयपी (नेटवर्कवरचा पत्ता)! केबल, स्विच तपासण्यात दोन तास गेले, त्याची अजून हळहळ वाटते.

दोष मशीन-आयडीचा, म्हणजे सिस्टिममधल्या मशीनच्या ओळख-क्रमांकाचा. सिस्टिमडी-नेटवर्कडी (नेटवर्क सांभाळणारी सेवा) डीएचसीपीला (आयपी वाटणाऱ्या सर्व्हरला) मॅक पत्त्याऐवजी (नेटवर्क कार्डाच्या पत्त्याऐवजी) या आयडीवरून बनवलेली ओळख देतं, आणि क्लोनमध्ये आयडी तोच राहतो. मूळ प्रतीतली ‘/ईटीसी/मशीन-आयडी’ फाइल रिकामी केली (डिलीट नाही, रिकामीच!) आणि पुन्हा क्लोन केलं. पहिल्या बूटला प्रत्येक मशीनने आपला नवा आयडी बनवला. पहाटे सगळ्यांना वेगवेगळे आयपी मिळाले.