रहिवासी पार्किंग परवान्याची तयारी: अर्ज करण्याआधी काय काय हाताशी हवं

पहिलं काम रात्रीचं आहे. अर्ज, सह्या, बैठका हे सगळं नंतर. आधी आठवड्यातल्या कामाच्या दिवशी पहाटे ३ ते ४ च्या दरम्यान गल्लीत चालत जा आणि कडेला उभ्या असलेल्या गाड्या मोजा. त्या वेळची जवळजवळ प्रत्येक गाडी तिथे राहणाऱ्याचीच असते. हा आकडा गल्लीतल्या एकूण जागांपेक्षा जास्त निघाला, तर परवाना योजनेच्या, म्हणजे ठरावीक वेळी परवान्याशिवाय गल्लीत गाडी लावू न देणाऱ्या व्यवस्थेच्या, मागे लागू नका. परवान्याने रस्ता वीतभरही लांब होत नाही, बाहेरच्या गाड्या तेवढ्या बाहेर राहतात. रात्री निम्मी गल्ली मोकळी आणि सकाळी दहाला मुंगीला शिरायला जागा नाही, असं चित्र असेल तरच पुढची तयारी कामाची. रात्रीही गल्ली भरलेली असेल तर दुखणं घरागणिक गाड्यांच्या संख्येचं आहे आणि त्यावरचे उपाय वेगळे आहेत. जपानने १९६२ साली कायदाच केला, की गाडी ठेवायला रस्त्याबाहेर जागा असल्याचं प्रमाणपत्र द्या. ती जागा घरापासून २ किलोमीटरच्या आत असावी लागते. रहिवासी परवाना हे काम करत नाही, त्याच्याकडून तशी अपेक्षाही ठेवू नये.

दुसरं, जागा मोजा. त्यासाठी टेप किंवा चाकाचं मोजयंत्र आणि दोन माणसं लागतात. बहुतेक जण इथेच फसतात, कारण ते एकूण लांबीला गाडीच्या लांबीने भागून मोकळे होतात. समजा रस्त्याची एक बाजू १२० मीटर आहे. कोपऱ्यापासून किती अंतर सोडायचं ते स्थानिक वाहतूक नियमांत दिलेलं असतं. इथे प्रत्येक टोकाला १० मीटर धरू. उरले १०० मीटर. चार फाटकं आहेत, प्रत्येक ४ मीटरचं, आणि गाडी वळवायला दोन्हीकडे अर्धा-अर्धा मीटर. म्हणजे आणखी २० मीटर गेले. उरलेल्या ८० मीटरला एका गाडीच्या साडेपाच मीटरने भागलं की कागदावर १४ जागा दिसतात. पण फाटकांमुळे त्या ८० मीटरचे पाच तुकडे झालेले असतात. ते २७, १५, २१, ९ आणि ८ मीटरचे असतील, तर त्यांत अनुक्रमे ४, २, ३, १ आणि १ अशा गाड्या बसतात. बेरीज ११. एका बाजूलाच तीन जागांची चूक झाली आणि ती पुढच्या प्रत्येक हिशोबात उतरते. म्हणून तुकड्यातुकड्याने मोजा. पांढरे पट्टे आखून ठरावीक चौकटी करणार असाल तर प्रत्येकी ६ मीटर धरा. चौकटींमुळे शिस्त येते, पण जागा थोड्या कमी होतात. अग्निशमनाचा नळ, बस थांबा, कचऱ्याची गाडी थांबते ती जागा, पादचारी मार्गाचा उतार आणि अपंगांसाठी राखीव जागा आधीच वजा करा. दुचाक्या वेगळ्या मोजा. एका चारचाकीच्या जागेत आडव्या रांगेने चार-पाच सहज मावतात, पण एकच दुचाकी चौकटीच्या मधोमध लावली की अख्खी जागा गेली. त्यांच्यासाठी टोकाचा उरलासुरला तुकडा, वरच्या उदाहरणातल्या २७ मीटरच्या तुकड्याच्या शेवटी राहतो तसा, राखून ठेवणं शहाणपणाचं.

रुंदीही याच फेरीत मोजा. उभ्या गाडीला सुमारे २ मीटर लागतात. रस्ता ७ मीटरचा असेल आणि दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या तर मधे ३ मीटर उरतात. ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचना अग्निशमनाच्या गाडीसाठी रस्त्याची किमान ३.७ मीटर रुंदी धरतात. त्या मापाने अशा गल्लीत एकाच बाजूला पार्किंग ठेवावं लागेल आणि जागा एका फटक्यात निम्म्या होतील. ही गोष्ट रहिवाशांना शेवटच्या बैठकीत कळली की सगळी योजना तिथेच कोसळते. पहिल्याच बैठकीत सांगा.

आता दिवसाची मोजणी. दोन कामाचे दिवस आणि एक सुट्टीचा दिवस निवडा. सणाचा आठवडा, शाळेची सुट्टी आणि मुसळधार पावसाचा दिवस टाळा. पहाटे ५ ला एक फेरी, मग सकाळी ८ ते रात्री ८ दर तासाला एक. शाळा किंवा दवाखाना असलेल्या गल्लीत अर्ध्या तासाने फिरावं लागतं, नाहीतर वीस मिनिटांसाठी आलेल्या गाड्या कागदावर येतच नाहीत. तक्त्यात उभ्या ओळीत जागेचा क्रमांक आणि आडव्या ओळीत वेळ. प्रत्येक रकान्यात गाडीच्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक. पूर्ण क्रमांक लिहू नका. मोजणीला त्याची गरज नसते, आणि अमक्याची गाडी दुपारभर कुठे होती याची यादी गल्लीत फिरणं कुणालाच आवडत नाही. नंतर तक्ता वाचणं सोपं आहे. पहाटे ५ लाही दिसलेली गाडी रहिवाशाची. सकाळी ९ ला येऊन संध्याकाळी ६ ला गेलेली गाडी जवळच्या कार्यालयातल्या किंवा स्थानकावरून पुढे जाणाऱ्या माणसाची. तासाभरात हललेली गाडी दुकानाची, दवाखान्याची किंवा पाहुण्याची. या तीन गटांचं प्रमाण काढा, कारण योजना कुठल्या गटाला अडवणार हे त्यावरून ठरतं. गर्दीच्या वेळी भरलेलं प्रमाणही काढा. पार्किंगचे अभ्यासक डोनाल्ड शूप यांनी रूढ केलेली खूणगाठ ८५ टक्क्यांची आहे: साधारण सात जागांतली एक मोकळी असेल तर येणाऱ्याला घिरट्या घालाव्या लागत नाहीत. तुमची गल्ली भर गर्दीत ७० टक्के भरत असेल, तर तक्रार खरी असली तरी ती स्वतःच्या दारासमोरच्या जागेची आहे, आणि ती जागा कुठलाच परवाना देत नाही. परवाना म्हणजे विभागात, योजना लागू असलेल्या गल्ल्यांत, जागा शोधण्याची मुभा. हे वाक्य माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरांत छापा. पहिल्या महिन्यातले निम्मे वाद वाचतील.

हीच मोजणी शेजारच्या दोन-तीन गल्ल्यांतही करा. तुमच्याकडून हटलेल्या गाड्या हवेत विरत नाहीत, पलीकडच्या कोपऱ्यावर जाऊन उभ्या राहतात. आज मोजलं नाही तर सहा महिन्यांनी ‘तुमच्यामुळे आमची गल्ली भरली’ या आरोपाला ना होकार देता येतो ना नकार.

सीमारेषा आखताना मोह दोन प्रकारचे होतात. एक गल्ली तेवढी धरावी, म्हणजे पटकन मंजुरी मिळेल. पण मग लगेच शेजारची गल्ली अर्ज करते, मग तिसरी, आणि तुकड्यातुकड्यांची गोधडी तयार होते. दुसरा मोह अख्खा परिसर एकच विभाग करण्याचा. त्यात या टोकाचा रहिवासी परवाना लावून त्या टोकाच्या स्थानकाजवळ गाडी ठेवतो, म्हणजे ज्याला बाहेर काढायचं होतं ते आतूनच सुरू होतं. पाचेक मिनिटं चालण्याचं अंतर, सुमारे ४०० मीटर, हे एका विभागाच्या टोकापासून टोकापर्यंत ठीक माप आहे. सीमा मोठ्या रस्त्यावरून किंवा घरांच्या मागच्या बाजूने न्या. एकाच गल्लीच्या समोरासमोरच्या बाजू दोन विभागांत टाकू नका. ते नकाशावर सुबक दिसतं आणि रस्त्यावर रोज भांडण लावतं.

वेळ कमीत कमी ठेवा. स्थानकावर जाणारे दिवसभर गाडी सोडून जातात, त्यांना थोपवायला दिवसा एक-दोन तासांची बंदी पुरते: १० ते १२ परवान्याशिवाय गाडी नको, एवढंच. बाकी वेळ सुतार, नळवाला, मावशी, पाहुणे मोकळे. संध्याकाळी नाट्यगृहाची किंवा उपाहारगृहांची गर्दी असेल तर बंदीची वेळ ६ ते ९ अशी सरकवा. चोवीस तासांची मागणी जोरात होते खरी, पण ती राबवायला रात्री माणूस फिरावा लागतो, आणि तो फिरला नाही की योजना फलकावरच उरते.

अधिकार कुणाचा हे तपासून घ्या. रस्ता ज्या यंत्रणेच्या ताब्यात आहे तीच परवाना आणू शकते. रहिवाशांनी स्वतः रंगवलेली ‘राखीव’ पाटी, ठेवलेल्या कुंड्या, साखळ्या यांना काही आधार नसतो आणि उलट त्यांच्यावरच कारवाई होऊ शकते. सार्वजनिक रस्त्यावर रहिवासी आणि बाहेरचा असा भेद करता येतो का, हा प्रश्न अमेरिकेत थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टन काउंटीच्या योजनेबाबत १९७७ साली न्यायालयाने असा भेद वैध ठरवला. बाहेरून येणाऱ्या वाहनांची गर्दी, आवाज आणि प्रदूषण कमी करणं हा वाजवी हेतू मानला गेला. अर्जात कारण लिहिताना हेच लक्षात ठेवा. ‘आमची जागा’ हा मुद्दा लंगडा पडतो; गर्दी, सुरक्षितता, अग्निशमनाची वाट हे मुद्दे मोजणीसकट मांडले की टिकतात.

सह्यांची फेरी एका घराला एक मत या हिशोबाने करा, आणि भाडेकरूंना वगळू नका. गाडी लावतो तो राहणारा, घरमालक कदाचित दुसऱ्या गावात असतो. किती टक्के पाठिंबा लागतो ते यंत्रणेकडून लेखी घ्या, आणि टक्केवारी एकूण घरांवर धरतात की उत्तर आलेल्या घरांवर, तेही विचारा. बंद घरांमुळे हा फरक मोठा पडतो. प्रश्न नेमका विचारा. ‘पार्किंगचा त्रास संपावा असं वाटतं का?’ याला कोण नाही म्हणेल? कागदावर नकाशा, वेळ, वार्षिक शुल्क, एका घराला किती परवाने आणि पाहुण्यांची सोय हे पाचही असल्याशिवाय सही घेऊ नका, नाहीतर शुल्क कळल्यावर माघार सुरू होते. दुकानदार, दवाखाना, शाळा, प्रार्थनास्थळ यांच्याकडे स्वतः जा. ते मतदार नसले तरी हरकत घेऊ शकतात.

परवान्यासाठी कागदांनी दोनच गोष्टी सिद्ध करायच्या असतात: माणूस इथे राहतो आणि गाडी त्याच्या वापरात आहे. अडचण नेहमी दुसऱ्यात येते. कंपनीची गाडी असेल तर कंपनीचं पत्र, भाडेतत्त्वावरची असेल तर करार, वडिलांच्या नावावरची असेल तर विमा किंवा नोंदणीवर याच पत्त्याचा उल्लेख. नोंदणी दुसऱ्या शहरातली असलेले भाडेकरू दर गल्लीत सापडतात. त्यांना किती दिवसांत पत्ता बदलावा लागेल हे नियमात लिहून घ्या. पहिला परवाना स्वस्त, दुसरा महाग, तिसरा नाहीच, ही चढती रचना चांगली चालते. ज्यांच्या आवारात गॅरेज आहे त्यांचा एक परवाना वजा करावा. त्या गॅरेजात जुनं सामान भरलं आहे ही सबब नियमात बसत नाही, आणि बसवूही नये.

पाहुण्यांवर सर्वांत जास्त वेळ द्या, कारण योजना मोडते ती इथेच. घराला वर्षाला ठरावीक दिवसांचे पास द्या, त्यावर अनुक्रमांक आणि तारीख खोडायची किंवा खरवडायची सोय हवी. कोरा, तारखेविना चालणारा पास दिला की तो महिनाभर काचेवर राहतो, मग कार्यालयात जाणाऱ्याला विकला जातो. फोनवरून गाडीचा क्रमांक नोंदवायची पद्धत यावर चांगला उतारा आहे, पण आजी-आजोबांसाठी कागदी पास किंवा फोन करून नोंदवायची वाट ठेवावीच लागते. रोज येणारी परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, आजाऱ्याची काळजी घेणारं माणूस यांचा हिशोब पाहुण्यांत धरू नका. त्यांच्यासाठी वैद्यकीय चिठ्ठीवर मिळणारा वेगळा परवाना मागा. घर बदलणाऱ्याचा टेम्पो आणि बांधकामाची गाडी यांना आधी कळवून एका दिवसाची परवानगी मिळावी. गाडी दुरुस्तीला गेली की बदली गाडी येते, तिची सोय नियमात नसेल तर पहिला दंड नेमका अशाच गाडीला होतो.

स्टिकर की क्रमांकावरून तपासणी, हे यंत्रणा ठरवते. स्टिकर असेल तर त्यावर गाडीचा क्रमांक छापलेला, दरवर्षी रंग बदलणारा आणि काढताना फाटणारा हवा. रंगीत छायाप्रत काढता येणारा स्टिकर म्हणजे उघडं दार.

फलक लागल्यावर स्वतः एक फेरी मारा. विभागात शिरणाऱ्या प्रत्येक वाटेवर एक फलक आणि गाडी लावल्यावर चालकाला उभ्या जागेवरून एक तरी दिसायला हवा. तीन ओळींहून जास्त मजकूर कुणी वाचत नाही. झाडामागे गेलेला, उलट्या बाजूने लावलेला किंवा वेळ चुकीची छापलेला फलक दंड रद्द व्हायला पुरतो. पट्टे आणि फलक एकमेकांशी जुळतात का तेही पाहा. पहिले दोन आठवडे दंडाऐवजी सूचनेची चिठ्ठी लावायची विनंती करा, आणि त्यानंतर तपासणी रोज नव्हे पण अनियमित वेळी व्हावी असं मागा. दर मंगळवारी ११ ला येणारा तपासनीस आठवड्याभरात सगळ्यांना पाठ होतो.

मोजणीचे मूळ तक्ते फेकू नका. सहा महिन्यांनी आणि वर्षाने त्याच वारी, त्याच वेळी, शेजारच्या गल्ल्यांसकट पुन्हा मोजावं लागेल. क्रमांकाचे अंक असलेला भाग मात्र प्रमाण काढून झाल्यावर नष्ट करा. पुढच्या तुलनेला प्रत्येक तासाच्या आणि प्रत्येक गटाच्या बेरजा पुरतात.