घाणीचं जवस तेल उन्हाळ्यात टिकवताना
जवस तेलात साधारण निम्मा वाटा अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा, म्हणजे ओमेगा-३ चा. त्याच्या कार्बन अणूंच्या साखळीत तीन दुहेरी बंध (दोन अणूंमधले दुपदरी जोड). त्यांच्या लगतच ऑक्सिजन घाला घालतो आणि उष्णता-उजेड मिळाला की तेल झपाट्यानं खवट होतं. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला, की ओट्यावरची बाटली विसराच. घाणीवरून २५० मिलीच आणा, गडद काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून फ्रिजमध्ये ठेवा, महिनाभरात संपवा. फोडणीला नको, भाकरीसोबतच्या ठेच्यावर वरून चमचाभर घाला. तळाचा बारीक गाळ चालेल, पण ऑइलपेंटचा वास आला तर तेल फेकाच. (रंगात हेच तेल पडतं, हवेत सुकून त्याचा पापुद्रा होतो.) सांडलेलं तेल पुसलेलं फडकं चोळामोळा करून ठेवू नका, आपसूक तापून पेटू शकतं.