ऑलिव्ह तेलाच्या सांडपाण्यावर मेम्ब्रेन वापरताय? या चुका टाळा

मेम्ब्रेन (पाणी गाळणारा पातळ पडदा) घाण संपवत नाही, फक्त बाजूला काढते. हे विसरलं की पुढचे बहुतेक घोटाळे ओघानेच येतात. त्यातून ऑलिव्ह गिरणीचं पाणी म्हणजे काळपट, आंबूस, पीएच 5 च्या आसपास, आणि सीओडी (घाण ऑक्सिडाइज करायला लागणारा ऑक्सिजन, म्हणजे घाणीचं माप) लिटरला 40 ग्रॅमपासून 200 ग्रॅमपर्यंतही. घरगुती सांडपाण्यात तो साधारण अर्धा ग्रॅम असतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे हे पाणी थेट अल्ट्राफिल्ट्रेशनवर, म्हणजे तुलनेने मोठ्या छिद्रांच्या मेम्ब्रेनवर सोडणं. (थेट आरओवर, म्हणजे सगळ्यात बारीक मेम्ब्रेनवर सोडणाऱ्यांबद्दल न बोललेलंच बरं.) गराचे कण, पेक्टिन आणि पाण्यात दुधासारखं मिसळलेलं तेल यांचा चिकट थर मेम्ब्रेनवर बसतो. आधी बारीक जाळी, मग सेंट्रिफ्यूज. तरीही तेल सुटत नसेल, तर आम्ल घालून पीएच 2 पर्यंत उतरवला की तेल-पाण्याचं हे मिश्रण (इमल्शन) बरंचसं फुटतं. त्यानंतर अल्ट्राफिल्ट्रेशन, मग त्याहून बारीक नॅनोफिल्ट्रेशन, आरओ सगळ्यात शेवटी.

फ्लक्स (मेम्ब्रेनच्या दर चौरस मीटरमधून तासाला पार होणारं पाणी) पडला की ऑपरेटरचा हात आपसूक दाबाच्या व्हॉल्व्हकडे जातो. पाणी घटकाभर वाढतं, पण थर आणखी घट्ट बसतो. दाब वाढवूनही फ्लक्स जागचा हलत नसेल, तर मर्यादा ओलांडली असं समजा. दाब उतरवा आणि मेम्ब्रेनवरून वाहणाऱ्या पाण्याचा वेग वाढवा.

धुताना आधी अल्कली, मग आम्ल. मेम्ब्रेनवरचा थर मुख्यतः सेंद्रिय असतो, त्यामुळे नुसत्या आम्लाने तो हलत नाही. पॉलिअमाइड मेम्ब्रेनला क्लोरीन दाखवूही नका. सिरॅमिक मेम्ब्रेन मात्र कडक धुलाई सोसते. प्रत्येक धुलाईनंतर स्वच्छ पाण्याचा फ्लक्स मोजून नव्या मेम्ब्रेनच्या आकड्याशी ताडून पाहा. तो दर वेळी थोडा खाली येत असेल, तर घाण छिद्रांच्या आत शिरली आहे.

चाचणीचा नमुना साठवण तलावातून घेऊ नका. तिथलं पाणी आंबलेलं असतं, फिनॉलं ऑक्सिडाइज झालेली असतात. हायड्रॉक्सीटायरोसोल (त्यातलंच एक किमती फिनॉल) काढून विकायचा बेत असेल, तर ताजंच पाणी हवं. तीन-फेज डिकँटर (तेल, पाणी आणि चोथा वेगळं करणारं सेंट्रिफ्यूज) आणि दोन-फेज डिकँटरच्या (तेल आणि ओला चोथा वेगळं करणाऱ्या) पाण्यातही मोठा फरक असतो. एकाच्या आकड्यांवर दुसऱ्याचा प्लांट उभारू नका.

मेम्ब्रेनने बाजूला काढलेल्या दाट घाणीचं (कॉन्सन्ट्रेटचं) काय करायचं, हे मेम्ब्रेनची ऑर्डर देण्याआधी ठरवा.

हंगाम काही महिन्यांचाच. तो संपल्यावर आरओ मेम्ब्रेन नीट धुऊन सोडियम बायसल्फाइटच्या द्रावणात ठेवा आणि द्रावण अधूनमधून बदला. एकदा कोरडी पडलेली मेम्ब्रेन सहसा पूर्ववत होत नाही.