भाड्यावरील टीडीएस चुकीच्या पॅनवर जमा झाला, तर दुरुस्ती कशी करावी?

टीडीएस म्हणजे भाडे देणाऱ्याने भाड्यातूनच कापून सरकारकडे भरलेला कर. उदाहरणादाखल पुण्यातील बाणेरमधील एक सदनिका घेऊ. सदनिका आईच्या मालकीची आहे, पण सगळा व्यवहार मुलगा पाहतो. आपल्या अधिकाऱ्यासाठी घर भाड्याने घेणाऱ्या कंपनीने करार करताना पॅन मागितला आणि कुलमुखत्यारपत्राच्या आधारे सही करणाऱ्या मुलाने स्वतःचाच पॅन देऊन टाकला. पुढे फॉर्म १६ए (कर कापल्याचे प्रमाणपत्र) मुलाच्या नावाने आला आणि भाड्याची नोंद त्याच्या फॉर्म २६एएसमध्ये (पॅनवर जमा झालेल्या कराचा तपशील) दिसू लागली.

भाडे दरमहा ६०,००० रुपये असेल, तर वर्षाचे ७,२०,००० रुपये होतात आणि त्यावर १० टक्क्यांनी ७२,००० रुपये कापले जातात. घरभाड्यावरील ३० टक्के प्रमाणित वजावट गेल्यावर ५,०४,००० रुपये करपात्र उरतात. मुलगा ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल, तर त्यावर १,५१,२०० रुपये कर आणि वर उपकर लागेल. आईला दुसरे मोठे उत्पन्न नसेल, तर २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी नव्या करप्रणालीत तिला काहीच कर लागणार नाही आणि कापलेले ७२,००० रुपये परत मिळतील.

म्हणून सर्वांत आधी मालक कोण, हे कागदावरून निश्चित करावे. भाड्यावरील कर मालकाला लागतो. फॉर्म कोणाच्या नावाने आला, यावर ते ठरत नाही. सूची क्रमांक २ (आपण ज्याला ‘इंडेक्स टू’ म्हणतो तो उतारा), नोंदणीकृत भाडेकरार आणि महापालिकेच्या मिळकतकराची पावती एकत्र ठेवावी. घर दोघांच्या नावे असेल, तर प्रत्येकाचा हिस्सा पाहावा. पतीने मोबदला न घेता पत्नीच्या नावावर केलेल्या घराचा मालक करासाठी सहसा पतीच मानला जातो, त्यामुळे अशा घरांत घाईने पॅन बदलून घेऊ नये.

त्यानंतर आयकर पोर्टलवर एआयएस (वर्षभरातील उत्पन्न व व्यवहारांचे माहितीपत्रक) उघडून भाड्याच्या नोंदीवर अभिप्राय द्यावा. ‘ही माहिती दुसऱ्या पॅनची किंवा वर्षाची आहे’ अशा अर्थाचा पर्याय तिथे आहे. तो निवडावा आणि त्याची पोहोच जपून ठेवावी. पुष्कळ लोक इथेच थांबतात आणि फसतात. अभिप्रायाने फॉर्म २६एएसमधील टीडीएस एका पॅनवरून दुसऱ्या पॅनवर जात नाही. तो हलवण्याचे काम कर कापणाऱ्यानेच करायचे असते.

त्यामुळे खरा जोर कंपनीला लिहिण्यावर द्यावा. आयकर नियम ३७बीए(२) नुसार, ज्याच्या पॅनवर टीडीएस दाखवला गेला त्याने कर कापणाऱ्याला घोषणापत्र द्यायचे असते आणि त्यात खऱ्या मालकाचे नाव, पत्ता, पॅन व कारण लिहायचे असते. मजकूर साधा असावा: “सदर सदनिकेची मालक माझी आई असून भाड्याचे उत्पन्न तिच्या हाती करपात्र आहे. करारावर मी केवळ मुखत्यार म्हणून सही केली आहे. तरी टीडीएसची नोंद तिच्या पॅनवर करून सुधारित विवरणपत्र दाखल करावे व नवा फॉर्म १६ए द्यावा.” सोबत सूची क्रमांक २ ची प्रत जोडावी. हे सारे ईमेलनेही पाठवावे, कारण फोनवर दिलेल्या आश्वासनाचा पुढे पुरावा राहत नाही. कंपनी फॉर्म २६क्यूचे (कापलेल्या कराची तिमाही माहिती देणाऱ्या फॉर्मचे) सुधारित विवरणपत्र भरते आणि त्यावर प्रक्रिया झाली, की नोंद आईच्या २६एएसमध्ये दिसते.

भाडेकरू खासगी व्यक्ती असेल आणि भाडे महिन्याला ५०,००० रुपयांहून अधिक असेल, तर त्याने फॉर्म २६क्यूसी (भाड्यातून कापलेला कर भरण्याचा फॉर्म) भरलेला असतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून ही कपात २ टक्के आहे. दुरुस्तीची विनंती त्याला स्वतःच्या लॉगिनने ट्रेसेस या आयकर विभागाच्या टीडीएससाठीच्या संकेतस्थळावर करावी लागते आणि त्यानंतर फॉर्म १६सी (या कपातीचे प्रमाणपत्र) नव्याने द्यावा लागतो. पुष्कळ भाडेकरूंनी हे काम पूर्वी कधी केलेले नसते. शेजारी बसून ते करून घेतले, तर लवकर होते.

आयकर विवरणपत्राची मुदत जवळ आली आणि दुरुस्ती झालेली नसेल, तरी आईने भाड्याचे पूर्ण उत्पन्न आपल्याच विवरणपत्रात दाखवावे. मुलाने ते आपल्या उत्पन्नात धरू नये आणि ते ७२,००० रुपयेही स्वतःसाठी मागू नयेत. उत्पन्न सोडून नुसता टीडीएस मागणे सरळ चुकीचे आहे. आयटीआर-२ या आयकर विवरणपत्राच्या फॉर्ममधील टीडीएसच्या तक्त्यात, कपात दुसऱ्या व्यक्तीच्या उत्पन्नाशी संबंधित असल्यास तिचा पॅन लिहिण्याची सोय आहे. मुलाने तिथे आईचा आणि आईने मुलाचा पॅन लिहावा. दोन्ही विवरणपत्रांतील रक्कम रुपयापर्यंत जुळली पाहिजे. तरीही परतावा अडकला, तर घोषणापत्र व ईमेलच्या प्रती जोडून पोर्टलवरच तक्रार नोंदवावी.

भाडे आजवर मुलाच्या बँक खात्यात येत असेल, तर ते लगेच आईच्या खात्यात वळवावे, कारण पुढे चौकशी झालीच तर हाच प्रश्न आधी विचारला जाईल. अकरा महिन्यांच्या कराराचे नूतनीकरण करताना मालकाच्या रकान्यात आईचे नाव व तिचाच पॅन आहे ना, हे सहीपूर्वी मसुद्यावर बोट ठेवून वाचावे. मुखत्याराचा पॅन त्याच्या स्वतंत्र रकान्यातच राहू द्यावा.