नवा सिंथ उतरवायच्या आधी आणि अपडेट मारायच्या आधी, सोलापूरच्या पोरांसाठी

गणपतीला दोन महिने उरले की मला ठरलेले मेसेज यायला लागतात, "काय बे, सीरम टू घेऊ का व्हायटलवरच भागवू?" सीरम आणि व्हायटल हे सिंथ, म्हणजे लॅपटॉपवर आवाज बनवणारी सॉफ्टवेअर. लेझीमच्या ट्रॅकला सिंथ टाकणारी पोरं आता सोलापुरात बरीच झालीत, लई बरं वाटतं, पण विचारणं कायम काय घेऊ एवढंच असतं, आवाज कसा बनवू असं कुणी विचारतच नाही, आणि मग मिरवणुकीत एकामागून एक मंडळं जातात आणि सगळ्यांच्या ट्रॅकमध्ये तोच एक प्रीसेट, म्हणजे तयार साठवलेला आवाज, वाजत असतो. म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहितोय. शेवटचा अपडेटचा भाग सोडू नका, तो मी स्वतः भोगलाय.

पैसे नसतील तर दोनच सिंथ उतरवा, व्हायटल आणि सर्ज एक्सटी. व्हायटल मॅट टायटेलनं बनवला, २०२० च्या नोव्हेंबरात आला, त्याची बेसिक आवृत्ती फुकट आहे आणि फुकटातसुद्धा सिंथचं इंजिन तेच मिळतं, पैसे भरले की मुख्यतः जास्तीचे प्रीसेट आणि वेव्हटेबल (लाटांच्या आकारांचे संच) येतात. सर्ज मूळचा विकतचा होता, २०१८ ला त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला झाला, तेव्हापासून बरेच जण मिळून तो वाढवतायत आणि २०२२ च्या सुरुवातीला सर्ज एक्सटी आला. दिसायला व्हायटल सोपा, लाटेचा आकार डोळ्यासमोर हलताना दिसतो, त्यामुळं शिकायला मी तोच देतो. सर्जमध्ये खोली जास्त आहे, एका पॅचमध्ये (बनवलेल्या एका आवाजात) दोन सीन, म्हणजे दोन थर, आणि प्रत्येक सीनला तीन ऑसिलेटर (मूळ लाट काढणारे भाग). त्यातला स्ट्रिंग नावाचा ऑसिलेटर छेडलेल्या तारेसारखा वागतो, एकतारीच्या जवळचं काहीतरी हवं असेल तर तिथून सुरू करा. ऐंशीच्या दशकातला तो घंटीसारखा इलेक्ट्रिक पियानो हवा असेल तर डेक्स्ड, तोही फुकट, १९८३ च्या यामाहा डीएक्स सेव्हनवर बेतलेला, त्याच्या जुन्या आवाजांच्या फायली त्यात थेट उघडतात.

पैसे असतील तर सीरम टू. स्टीव्ह डूडाच्या एक्सफर रेकॉर्ड्सनं पहिला सीरम २०१४ ला काढला आणि दुसरा २०२५ च्या मार्चमध्ये, आणि ज्यांनी पहिला विकत घेतलेला त्यांना दुसरा फुकट दिला, म्हणून आधी जुनं खातं उघडून बघा, नाहीतर उगाच परत पैसे भराल. पहिल्यात दोन ऑसिलेटर होते, यात तीन आहेत, आणि प्रत्येक ऑसिलेटरला वेव्हटेबल, सॅम्पल (रेकॉर्ड केलेला आवाज), मल्टिसॅम्पल (असे अनेक), ग्रॅन्युलर (आवाजाचे बारीक कण) नाहीतर स्पेक्ट्रल (आवाज कंपनांमध्ये फोडून) यापैकी काहीही करता येतं. वर सूर आपोआप ओळीनं वाजवणारे अर्पेजिएटर आणि क्लिप सिक्वेन्सरही आहेत. आर्टुरियाच्या पिगमेंट्सचंही तसंच, २०१८ पासून आजवरचे मोठे अपडेट जुन्या गिऱ्हाइकांना फुकट मिळालेत. पण प्रत्येक ठिकाणी असं नसतं. मॅसिव्ह हा सिंथ जुना, मॅसिव्ह एक्स २०१९ चा, नावावरनं सख्खे भाऊ वाटतात पण मॅसिव्हचे प्रीसेट मॅसिव्ह एक्समध्ये उघडत नाहीत. तेव्हा अपग्रेड म्हणजे जुन्याला नवीन कपडे आहेत का नावापुरतं नातं असलेला वेगळाच सिंथ आहे, हे पैसे भरायच्या आधी बघायचं. आणि क्रॅक (चोरीची कॉपी) टाकू नका रे, फुकटात एवढं चांगलं मिळत असताना लॅपटॉपमध्ये व्हायरस कशाला घालून घ्यायचा.

आता लॅपटॉप. विंडोज असेल तर आधी एएसआयओ ड्रायव्हर (आवाज फार उशीर न होता बाहेर काढणारा) टाका, एफएल स्टुडिओ (गाणं बनवायचं सॉफ्टवेअर) घेतला असेल तर त्याचा स्वतःचा येतो, नसेल तर एएसआयओ फोर ऑल फुकट आहे. बफर म्हणजे आवाज बाहेर काढायच्या आधी लॅपटॉप साठवतो तेवढे सॅम्पल, त्याचं गणित सोपं आहे, ४४,१०० च्या सॅम्पल रेटला (सेकंदाला तेवढे सॅम्पल) २५६ चा बफर म्हणजे साधारण ६ मिलिसेकंद, ५१२ म्हणजे साधारण १२, आणि १०२४ ला गेला की २३, तिथं बोट आणि आवाज यात फट जाणवायला लागते. वाजवताना २५६, मिक्स करताना १०२४, असं बदलत राहायचं. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा लॅपटॉप तापून प्रोसेसर आपोआप हळू होतो आणि आवाजात चर्र-चर्र येतं, लोकांना वाटतं सिंथ बिघडला. सिंथ ठीक असतो. लॅपटॉपखाली हवा जाईल असं काहीतरी ठेवा, चार्जर लावून पॉवर मोड वरचा ठेवा, युनिसनचे (एकाच सुराच्या एकावर एक रचलेल्या प्रतींचे) आवाज १६ वरनं ५ वर आणा (कानाला फारसा फरक कळत नाही, प्रोसेसरला लई कळतो) आणि जो ट्रॅक पक्का झाला तो फ्रीझ करून (ऑडिओत बदलून) टाका. सीरम टू पहिल्यापेक्षा जड आहे हेही धरून चाला, चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर त्याचा आग्रह नको.

आता खरं काम. व्हायटल उघडा, मेनूत जाऊन प्रीसेट इनिशियलाइज करा म्हणजे सगळं कोरं होईल. आपण सनईसारखा लीड (मुख्य चाल वाजवणारा आवाज) बनवणार आहोत, हुबेहूब सनई नव्हे, सनईच्या घराण्यातला. सनईची नळी खाली रुंद होत जाते, शंकूसारखी, त्यामुळं तिच्या आवाजात सम आणि विषम दोन्ही हार्मोनिक (मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर) असतात, आणि अगदी ह्याच कारणानं आपण स्क्वेअर (चौकोनी लाट) घ्यायचा नाही, त्यात फक्त विषम असतात, तो बासरीपेक्षाही पोकळ, क्लॅरिनेटकडं जाणारा वाटतो. बेसिक शेप्सचं वेव्हटेबल घ्या आणि करवतीचे दाते दिसेपर्यंत फ्रेम सरकवा. मग व्हॉइसेस १ करा, लेगाटो (सूर न तोडता जोडणं) चालू करा, ग्लाइड ७० मिलिसेकंदाच्या आसपास, म्हणजे एका सुरावरनं दुसऱ्यावर मींड येईल. एन्व्हलप (सूर कसा चढतो-उतरतो ते ठरवणारा) क्रमांक एक आवाजाच्या पातळीला आधीच जोडलेला असतो, त्याचा अटॅक (सुरुवातीचा चढ) ४० मिलिसेकंद, सस्टेन (टिकाव) पूर्ण, रिलीज (शेवटचा उतार) १०० ते १५०. अटॅक शून्य ठेवला की बटन दाबल्यासारखं वाटतं, फुंकल्यासारखं नाही.

मग फिल्टर चालू करून ऑसिलेटर त्यात सोडा, लो पास (वरची कंपनं कापणारा) घ्या, रेझोनन्स (कापायच्या जागेचा उठाव) मध्यापर्यंत वाढवा आणि कटऑफ (कापायची जागा) हळूहळू खालून वर न्या, एका जागी आवाज नाकात बोलल्यासारखा होतो, तिथं थांबा. तीच जागा. हे आकडे सांगून होत नाही, पाच-दहा मिनिटं नुसतं ते चाक फिरवत ऐका. फिल्टरचं की ट्रॅक (सूर चढेल तसा कटऑफ चढवणं) अर्धं वाढवा नाहीतर वरच्या सप्तकात आवाज मिणमिणता होतो. आता एलएफओ (दुसऱ्या गोष्टी हलवणारी हळू लाट) क्रमांक एक घ्या, वेग ५ हर्ट्झच्या आसपास, तो ओढून ऑसिलेटरच्या फाइन ट्यूनवर सोडा, अगदी थोडा, आणि एलएफओचा डिले पाव-अर्धा सेकंद ठेवा म्हणजे सूर आधी सरळ लागेल आणि मग हलेल. वाजवणारा माणूस तसंच करतो. शेवटी सॅम्पलरमध्ये व्हाइट नॉइज ठेवून अगदी कमी पातळीला चालू करा, फुंकरीचा श्वास येईल. हा नॉइज काढून बघा आणि घालून बघा, काढला की लगेच प्लास्टिक वाटतंय.

एवढं झालं की सेव्ह करा, आपल्या नावानं, तारखेसकट.

दुसरा आवाज मला जास्त जवळचा आहे, यंत्रमागाचा. आपल्या गावात असा एक आवाज आहे की जो दुसऱ्या शहरातल्या प्रोड्यूसरला सहज मिळणार नाही, तो आपण वापरत नाही ह्याचं मला खरंच वाईट वाटतं. माझं बालपण मागाच्या खटखटीत गेलंय, रात्री तो थांबला की उलट जाग यायची. ओळखीच्या कारखान्यात मालकाला विचारून जा, फोन मागापासून चार-पाच पावलं लांब धरा कारण जवळ आवाज फुटतो, आणि शक्यतो वेव्ह फाईलमध्ये रेकॉर्ड करा, व्हॉट्सअॅपवरनं पाठवलेली ऑडिओ नको, ती दाबून चपटी झालेली असते. दोन-तीन मिनिटं सलग घ्या. आधी ठोके मोजा, १५ सेकंदात किती पडले ते गुणिले ४, आणि प्रोजेक्टचा टेम्पो तोच किंवा त्याच्या निम्मा ठेवा, मग ट्रॅक आपोआप मागाच्या चालीत बसतो. त्यातनं धोट्याचा एकच स्वच्छ ठोका कापून व्हायटलच्या सॅम्पलरमध्ये टाका, ऑसिलेटरच्या लाटेखाली ठेवा, बासला असा दात येतो की बास. दुसरी रीत म्हणजे तीच फाईल ओढून ऑसिलेटरवर सोडायची, व्हायटल विचारतो वेव्हटेबल करू, व्होकोड करू का पिच स्प्लाइस, तीनही करून बघा, व्होकोडमध्ये मागाची घरघर सुरात गाते. सीरम टू असेल तर ग्रॅन्युलरला टाका, कण लांब आणि दाट ठेवले की खटखट विरघळून तानपुऱ्यासारखा एक पडदा तयार होतो, छोटे आणि विरळ ठेवले की पाऊस पडल्यासारखं.

सुराचं एक सांगायचं राहिलं. भूप वाजवताना सिंथचा गंधार टोचतो असं गाणं शिकलेली मंडळी म्हणतात, बरोबर म्हणतात. कीबोर्डचा ग षड्जापासून ४०० सेंटवर (शंभर सेंट म्हणजे कीबोर्डचा एक अर्धस्वर) असतो आणि शुद्ध गंधार ३८६ वर, म्हणजे १४ सेंट उतरलेला, धैवतही तसाच ९०० ऐवजी ८८४. पंचमात फक्त २ सेंटचा फरक, तो सोडून द्या. सर्ज एक्सटीमध्ये ट्यूनिंगच्या मेनूतनं स्काला फाईल (सुरांच्या जागा लिहिलेली) उघडता येते, व्हायटलमध्येही येते, साध्या मजकुराची फाईल असते, नोटपॅडमध्ये आपली आपण लिहू शकता. सा सहसा पांढरी एकवर (सी) धरलेला असतो, तुमचा गायक काळी एकचा (सी शार्प) असेल तर सोबत कीबोर्ड मॅपिंगची फाईलही बदलावी लागते, नाहीतर गंधार भलत्याच पट्टीवर उतरतो. खाली तानपुरा धरून ठेवा आणि ग लावा, दोन्ही ट्यूनिंगमध्ये, फरक लगेच कळेल.

मिरवणुकीसाठी असेल तर आवाज मोनोत (डावं-उजवं एक करून) तपासल्याशिवाय सोडू नका. हेडफोनवर युनिसननं रुंद केलेला लीड रस्त्यावरच्या स्पीकरवर अर्धा गायब होतो कारण डावं-उजवं एकमेकांना खातं. बासचं युनिसन तर बंदच ठेवा. आणि लीडला खालनं लो कट मारा (खालची कंपनं कापा), हलगीचा कडकडाट आणि सिंथचा गदारोळ एकाच ठिकाणी आला तर मी कायम हलगीला जागा देतो, पोरांचे पाय तिच्यावर पडतात.

आता अपडेट. दोन वर्षांमागं मिरवणुकीच्या आदल्या रात्री मी एका सिंथचा अपडेट मारला, स्क्रीनवर आला म्हणून मारला, आणि सकाळी प्रोजेक्ट उघडला तर मुख्य लीड बदललेला, फिल्टर वेगळंच वागत होता. जुना इन्स्टॉलर ठेवला नव्हता. पोरांनी महिनाभर त्या आवाजावर पावलं बसवलेली, आणि मला तो परत मिळाला नाही, जवळपासचा एक करून दिला, पण ज्यांनी सराव केला त्यांना कळलंच. तेव्हापासून माझी रीत ठरलेली आहे.

सण-कार्यक्रम जवळ असेल तर काहीही अपडेट करायचं नाही, निदान पंधरा दिवस. अपडेट करायच्या आधी चालू प्रोजेक्टमधला प्रत्येक सिंथ ट्रॅक ऑडिओ करून ठेवायचा, इफेक्टसकट एक आणि इफेक्टशिवाय एक, आणि मिडी (सुरांची नोंद) पण तसाच राहू द्यायचा. प्रीसेटचा फोल्डर पेनड्राइव्हवर. जुन्या आवृत्तीचा इन्स्टॉलर, नावात आकडा लिहून, त्याच पेनड्राइव्हवर. मग बघायचं की नवा जुन्याच्या जागी बसतो का शेजारी. सीरम टू शेजारी बसतो, जुने प्रोजेक्ट जुन्या सीरममध्येच उघडतात आणि जुने प्रीसेट नव्यातही चालतात, सर्ज एक्सटीचंही तसंच, जुना सर्ज वेगळा राहतो. पण जो सिंथ जागेवरच बदलतो तिथं सांभाळा. व्हीएसटी टू आणि व्हीएसटी थ्री (सिंथ गाण्याच्या सॉफ्टवेअरला जोडायची जुनी आणि नवी पद्धत) ही भानगड पण ह्यातच येते, व्हीएसटी काढणाऱ्या स्टाइनबर्गनं २०१८ पासून नवीन लोकांना व्हीएसटी टूचं लायसन्स देणं बंद केलंय, त्यामुळं नवे सिंथ बरेचदा फक्त थ्रीमध्ये येतात, आणि तुमचा जुना प्रोजेक्ट टू शोधत बसतो आणि प्लगिन सापडत नाही म्हणतो. अशा वेळी घाबरून प्रोजेक्ट सेव्ह करू नका, न सेव्ह करता बंद करा, जुना प्लगिन परत टाका, त्यात पॅच प्रीसेट म्हणून सेव्ह करा आणि तो प्रीसेट नव्यात उघडा.

नवा टाकून झाला की एक जुना प्रोजेक्ट उघडा, तुम्ही आधी काढून ठेवलेली ऑडिओ शेजारच्या ट्रॅकवर ठेवा आणि दोन्ही आलटूनपालटून ऐका, लीड, बास, पॅड, एकेक करून. सगळं जुळलं तरी जुना लगेच काढू नका, तीन-चार प्रोजेक्ट असे तपासून होईपर्यंत दोन्ही राहू द्या, डिस्कवर जागा फार लागत नाही.