शिट्टी गळ्यात घालण्याआधी

मी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतला. शाहू स्टेडियमवर 11 हंगाम फुटबॉल खेळलो, राईट बॅक, म्हणजे उजवीकडचा बचावपटू. मग गुडघ्याचं लिगामेंट गेलं. ऑपरेशननंतर परत उतरलो, पण वळताना पायावर भरवसा बसेना, आणि 29 व्या वर्षी थांबलो. आता गांधी मैदानावर 12 वर्षांखालची पोरं शिकवतो. दर हंगाम संपला की कुणीतरी धाकटा येतोच, "दादा, मलापण कोच व्हायचंय, काय करू?" त्याला जे सांगतो तेच इथं लिहितोय.

खेळत असतानाच वही लिहायला लाग, थांबायची वाट बघू नको. मॅच संपली की घरी जाऊन, आपण खाल्लेला प्रत्येक गोल कागदावर काढ. शेवटच्या पासपासून नको, त्याच्या आधीच्या चार-पाच पासांपासून काढ. बॉल पहिल्यांदा कुठं सुटला, त्या वेळी आपला हाफ, म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू, कुठं उभा होता, आणि तू कुठं होतास? मी ही वही फार उशिरा सुरू केली. तेव्हा कळलं की 11 वर्षांत मला फक्त उजवी टच लाईन, म्हणजे मैदानाची उजव्या कडेची रेषा, पाठ झाली होती. डाव्या बाजूला काय चालतं ते मी कधी बघितलंच नव्हतं. खेळाडूला आपल्या जागेवरून दिसेल तेवढं पुरतं, कोचला बावीसच्या बावीस दिसायला लागतात. ही नजर तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून लवकर सुरुवात कर.

लायसन्सचं सरळ आहे. सगळ्यात आधी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा डी, त्यानंतर सी, बी, ए आणि शेवटी प्रो. आपल्याकडचे कोर्स महाराष्ट्राची संघटना, म्हणजे विफा, जाहीर करते. तिच्या सूचनांवर लक्ष ठेव, जागा मोजक्या असतात. शाळेत क्रीडाशिक्षक व्हायचं असेल तर बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, लागते. हे वेगळं काम आहे, दोन्हींची गल्लत करू नको. आणि डीच्या कोर्सला जाताना आपण सीनियर टीमला खेळलोय हा तोरा घरी ठेवून जा. तिथं तुला सेशन घ्यायला लावतात. तू किती जोरात मारतोस ते कुणी बघत नाही. कोन, म्हणजे खुणेसाठी मांडायचे शंकू, त्यांच्यातलं अंतर बरोबर आहे का, पोरांना तुझं बोलणं कळलं का, चुकलेल्या जागी तू खेळ थांबवून दाखवलंस का, हे बघतात.

किती वर्षं लागतील असं सगळे विचारतात. तेव्हा मी खालिद जमील यांचं नाव घेतो, कारण त्यांची वाट मुंबईच्या मैदानांवरून गेली. जन्म कुवेतचा. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया आणि मुंबई एफसीकडून ते मिडफिल्डला खेळले. 2009 मध्ये त्याच मुंबई एफसीचे कोच झाले आणि तिथंच कितीतरी हंगाम काढले. चषक नाही, गाजावाजा नाही, आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या वरच्या लीगमध्ये, टिकून राहायचं एवढंच काम. मग मिझोरमचा ऐझॉल एफसी. आदल्या मोसमात खालच्या गटात घसरून परत घेतला गेलेला संघ. त्याच संघानं 30 एप्रिल 2017 ला शिलाँगमध्ये लाजोंगशी 1-1 बरोबरी केली आणि आय-लीग जिंकली! 2021 मध्ये ते नॉर्थईस्ट युनायटेडचे कायम कोच झाले. आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, ती जागा मिळालेले ते पहिले भारतीय. ऑगस्ट 2025 मध्ये भारताचा संघ त्यांच्या हाती आला, आणि पहिल्याच स्पर्धेत, मध्य आशियाच्या काफा नेशन्स कपमध्ये, ओमानला पेनल्टीवर हरवून आपण तिसरे आलो. 2009 ते 2017 मधली ती आठ वर्षं मोज. पेठेतली पोरं दोन हंगामांत निकाल मागतात, म्हणून मी हे मुद्दाम मोजायला लावतो.

दुसरं नाव गोव्याचं. डेम्पो क्लबचा खेळाडू क्लिफर्ड मिरांडा आठवतो ना? खेळणं थांबल्यावर त्यानं एफसी गोवात सहायक म्हणून काम केलं, आणि 2023 मध्ये त्याच्या हाताखाली ओडिशा एफसीनं सुपर कप जिंकला. सहायक व्हायला लाजू नको. दुसऱ्याच्या सेशनला कोन लावताना जे शिकायला मिळतं ते कोर्समध्ये मिळत नाही.

आता मैदान. माझं सुरुवातीचं सेशन सांगतो, म्हणजे तू तेच करणार नाहीस. 14 पोरांची एक रांग, समोर गोल, एकेकानं शॉट मारायचा. पोरं खूश, मीपण खूश. माझी भाची कडेला बसली होती, तिला घड्याळ लावायला सांगितलं. शॉट मारून बॉल परत आणेपर्यंत 20 सेकंद. म्हणजे एका पोराची पाळी जवळजवळ पावणेपाच मिनिटांनी. 20 मिनिटांत त्याच्या वाट्याला चार शॉट! बाकी वेळ तो उभा. त्या दिवसापासून रांग बंद केली. 30 पावलं लांब, 20 पावलं रुंद चौकोन, कोनचे छोटे गोल, चार विरुद्ध चार. असे दोन चौकोन शेजारी लाव, पोरं कमी पडली तर एकात तीन विरुद्ध तीन. बॉल 4 नंबरचा. या वयाच्या पायाला 5 नंबर जड जातो.

वॉर्मअप बॉलसकट घे. फिफाचा 11 प्लस आहे, साधारण 20 मिनिटांचा, तो 14 वर्षांवरच्यांसाठी. लहान पोरांचा वेगळा आहे. उडी मारून उतरताना गुडघा आत वळू न देणं, एका पायावर तोल धरणं, हे दोन्हींत असतं. माझ्या वेळी मैदानाला दोन फेऱ्या मारल्या की वॉर्मअप झाला. माझ्या गुडघ्याचं काय झालं ते वर लिहिलंय, म्हणून हा भाग मी एक दिवसही सोडत नाही.

सगळ्यात अवघड आहे तोंड बंद ठेवणं. माझ्याकडं एक पोरगा होता, पायात जादू, पण बॉल घ्यायच्या आधी मागं बघायचा नाही. दर वेळी आंधळेपणानं वळायचा आणि बॉल जायचा. "मान वळव, मान वळव!" असं मी तीन आठवडे ओरडलो. काही फरक नाही. मग ओरडणं सोडलं आणि त्याच्या पाठीमागं 10 पावलांवर जाऊन उभा राहिलो. समोरून पास देणारा पाय मागं नेतो, तेवढ्यात मी हाताची बोटं वर करायचो. बॉल पायाशी यायच्या आत त्यानं आकडा सांगायचा. पहिल्या दिवशी दहातले दोन बरोबर, आठवड्याभरात आठ. मग बोटांच्या जागी एक पोरगा उभा केला: तो जवळ आला तर बॉल परत दे, लांब असेल तर वळ. हे तुझ्या पोरांना करून बघ. काही सांगायचंच असेल तर खेळ थांबव, सगळ्यांना जागच्या जागी उभं कर आणि विचार, "मोकळी जागा कुठंय?" बोट त्यानं दाखवायचं, तू नाही.

पालक येतील. "सर, आमच्याला फॉरवर्डला खेळवा की." वाद घालू नको. हंगामाच्या सुरुवातीलाच सगळ्यांना बसवून सांग की 12 वर्षांखाली प्रत्येक पोरगा प्रत्येक जागी खेळणार, गोलकीपरलासुद्धा, आणि प्रत्येकाला निम्मा वेळ तरी मिळणार. सांगितलंस की पाळ. फायनलला मोडलंस तर पुढच्या वर्षी कुणी ऐकणार नाही.

मॅचच्या दिवशी वही आणि पाण्याचा कॅन, एवढं बास. हरल्यावर मैदानात भाषण नको. पोरं तेव्हा ऐकत नसतात, बूट सोडत रडत असतात. पाणी दे, घरी सोड. मी सोमवारच्या सरावाला वही उघडतो, कोन मांडतो आणि तो गोल जसा झाला तसाच त्यांच्याकडून परत खेळवून घेतो. गेल्या हंगामात असंच मांडत होतो, तर तोच मागं न बघणारा पोरगा येऊन एक कोन उचलून दोन पावलं डावीकडं ठेवून म्हणाला, "सर, मी इथं होतो. मागं बघितलं होतं, पण त्याला पास द्यायला उशीर झाला."

वही काढून बघितली. त्याचंच बरोबर होतं.