रिमोट आणि कॅल्क्युलेटरची बटणे चालू ठेवण्यासाठी

सोलापुरात यंत्रमागाच्या कारखान्यांजवळ राहणाऱ्यांच्या घरात सुताचे बारीक तंतू आणि उन्हाळ्यातली कोरडी धूळ सतत येत असल्याने रिमोटची आणि कॅल्क्युलेटरची बटणे लवकर अडकू लागतात. त्यात शेंगाचटणीचा तेलकट हात लागला, तर हा कचरा बटणांच्या कडेला घट्ट चिकटतो. एरवी सेल काढून, उपकरण उलटे धरून, मऊ टूथब्रशने कडा झाडणे पुरेसे असते.

बटण जोरात दाबूनही चालत नसेल, तर मात्र उपकरण उघडावे. आत रबराच्या पट्टीवर बहुधा प्रत्येक बटणाखाली कार्बनचा काळा ठिपका असतो आणि बटण दाबल्यावर तो सर्किट बोर्डावरच्या दोन रेघा जोडतो. मध्ये चिकट थर साचला की ही जोडणी होत नाही. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित ओल्या केलेल्या कापसाच्या काडीने पुसावा, तर रबराची पट्टी सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन सावलीत पूर्ण वाळवावी. ठिपके पॉलिश पेपरने मुळीच घासू नयेत, कारण कार्बनचा पातळ थर निघाला की बटण निकामी होते. पेट्रोल आणि थिनरही टाळावेत. त्यांनी प्लॅस्टिक खराब होते आणि बटणांवरचे आकडे पुसले जातात.